सहाव्या होलचे पाच

“शहात्तर,” असं म्हणत त्या दुसऱ्या कॉलेजच्या मुलीने कार्ड भाग्यश्रीपुढे सरकवलं, आणि माझ्या वहीत तर सत्त्याहत्तर होते. अठराव्या ग्रीनच्या बाजूला एक लहान मांडव घातला होता, त्यात टेबल, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याचा जग. भोवती दोरी. दोरीच्या आत फक्त खेळणाऱ्या मुली, बाहेर माझ्यासारख्या कोच आणि उन्हाने लाल झालेले आईबाप. मी वही परत पाहिली. पाहायची गरज नव्हती, कारण सकाळपासून मी भाग्यश्रीच्या मागे चालत होते आणि तिचा प्रत्येक फटका मला पाठ होता. सहाव्या होलला ती वाळूच्या खड्ड्यात गेली. पहिल्या फटक्याला नुसती वाळू उडाली, बॉल जागचा हलला नाही. वाळूतला फटका फुकट गेला तरी तो फटकाच. त्या वेळी ही दुसरी मुलगी पलीकडच्या झुडपात स्वतःचा बॉल शोधत होती, तिला हा फटका दिसलाच नसणार. म्हणजे तिने सहाव्याला चार लिहिले होते आणि खरे पाच होते. भाग्यश्रीने एका हाताने मोबाइल कानाला धरला होता, दुसऱ्या हातात पेन.  मला भीती वाटतेय असं आधी वाटलं, पण भीती नव्हती ती.

गोल्फमध्ये आपले फटके आपण लिहायचे नसतात. बरोबर खेळणारीने आपले लिहायचे, आपण तिचे. मग टेबलाशी बसून कार्ड जिचं तिने घ्यायचं, अठरा चौकोन तपासायचे आणि सही करायची. बेरीज चुकली तर ती कमिटीची जबाबदारी; पण चौकोनातला आकडा चुकला तर तो सही करणारीच्या गळ्यात. जास्त लिहिला गेला असेल तर जास्तच धरतात. कमी लिहिला गेला असेल आणि आपण सही करून दोरीबाहेर पाऊल टाकलं, तर आपण बाद. हेतू काय होता हे कुणी विचारत नाही. अठरा वर्षं मी मुलींना गोल्फ शिकवतेय, आठ शील्ड प्रिन्सिपॉलच्या कपाटात आहेत, पण माझं नाव झालं ते शील्डांमुळे नाही. माझ्या मुली टेबलाशी बसून कार्ड मोठ्याने वाचतात. पहिला, चार. दुसरा, पाच. तिसरा, तीन. एकीने वाचायचं, दुसरीने आपल्या खिशातल्या वहीशी ताडायचं. इतर कॉलेजच्या मुली हसतात, ओव्हाळ मॅडमचा पाढा म्हणतात. हसू देत. अठरा वर्षांत माझी एकही मुलगी कार्डावरून बाद झाली नाही, हे पेपरात छापूनही आलंय. दर शनिवारी दुपारी एक तास कार्डाचा असायचा. त्या तासाला मी तीन वर्षं फक्त एका मुलीला बसू दिलं नाही. तिला म्हणायचे, तू जा, तू पटिंग कर, तुला याची गरज नाही. ती खूश होऊन जायची. बाकीच्यांना वाटायचं, मॅडमची लाडकी.

भाग्यश्रीच्या आईचं नाव चैताली. ब्याण्णव सालच्या फेब्रुवारीत चैताली वीस वर्षांची होती, मी एकोणीसची, आणि नदीपलीकडच्या ज्या मैदानावर ती मेंबरची मुलगी म्हणून खेळत होती, त्याच मैदानाच्या भिंतीला लागून आमची वस्ती होती. माझे वडील संपत ओव्हाळ तिथे कॅडी, मेंबरांच्या स्टिकांच्या बॅगा वाहणारे. बिल्ला नंबर सदतीस. सोमवारी मेंबर यायचे नाहीत, म्हणून सोमवारी कॅडींना खेळायची मुभा असायची, आणि वडील मला घेऊन जायचे. कुणा साहेबाने वैतागून मोडलेली सात नंबरची स्टिक त्यांनी कापून माझ्या उंचीची केली होती. मी सहा वर्षांची असल्यापासून आठवड्याचा एकच वार ओळखत होते. पुढे एका निवृत्त कर्नलसाहेबांनी मला सोमवारी खेळताना पाहिलं आणि महिलांच्या स्पर्धेत माझं नाव घातलं. क्लबात कुजबुज झाली. पण कर्नलच्या तोंडाला कोण लागणार. माझं कार्ड लिहायला चैताली होती. अकराव्या होलला माझा बॉल चिंचेच्या मुळाशी अडकला. मी मारला तो वीतभर सरकला. चैताली चार पावलांवर उभी होती आणि “बॅड लक” म्हणाली. हे दोन शब्द मी पंचवीस वर्षं जपून ठेवलेत, कारण त्यांच्यावरून कळतं की तिने तो फटका पाहिला होता. शेवटी माझे ऐंशी झाले, तिचे एक्क्याऐंशी. टेबलाशी बसलो तेव्हा चहाचे ट्रे आले होते, कमिटीतले दोघं घड्याळ पाहत होते, आणि चैतालीने माझं कार्ड माझ्याकडे सरकवत म्हटलं, कर पटकन, सगळे थांबलेत. दोरीपलीकडे वडील कुणाची तरी बॅग खांद्याला लावून उभे होते. मेंबर लोकांना आपल्यासाठी ताटकळत ठेवायचं नसतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं; कॅडीच्या घरात ते पाण्याबरोबर पोटात जातं. मी सही केली. चैतालीने चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला आणि कमिटीकडे जाऊन अगदी सभ्यपणे म्हणाली की अकराव्याला बहुतेक रतनचे, म्हणजे माझे, पाच होते, आय मे बी राँग. कार्डावर चार होते. खरं लिहिलं असतं तरी मी एका फटक्याने जिंकत होते. चोरी करायची मला गरजच नव्हती, पण हा हिशेब समजून घ्यायला कुणी थांबलं नाही. कॅडीची मुलगी, फटका चोरला, एवढं पुरे होतं. कप चैतालीला मिळाला.

त्यानंतर सदतीस नंबर कुणी मागेना. कॅडीमास्तर सकाळी सहाला बिल्ले पुकारायचा आणि वडील दहापर्यंत झाडाखाली बसून परत यायचे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तशातला प्रकार. महिनाभर ते मला काहीच बोलले नाहीत, आणि बोलले असते तर बरं झालं असतं असं वाटायला लागलं. आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, आणि त्याच्याखाली वडिलांची खुर्ची. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, आणि त्यांचं एक वाक्य घरात चालत आलेलं होतं की अंगठ्याचे दिवस गेले. घरात येणारा कागद, मग तो रेशनचा असो, शाळेचा असो की साधी लग्नपत्रिका असो, वडील आधी मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मगच सही. त्या खुर्चीवर बसून एका संध्याकाळी ते शांतपणे म्हणाले, “रतन, तू सही नाही केलीस. तू अंगठा दिलास.” बस. इतकंच. पुढे ते खराडीकडे एका कंपनीच्या इमारतीवर वॉचमन झाले आणि दोन हजार नऊ साली गेले, पण त्या वाक्याला त्यांनी पुढे शेपूट लावलं नाही की ते परतही घेतलं नाही. मी चैतालीचा द्वेष करते तो कपासाठी नाही. त्या वाक्यासाठी करते. माझ्या बापाच्या तोंडून ते तिने वदवलं.

आणि गंमत अशी की त्यानंतर दिवस माझ्याच बाजूने फिरले. पंचाण्णवनंतर पुण्यात परदेशी क्लायंट यायला लागले, त्यांना रविवारी खेळायला न्यावं लागायचं, आणि ज्या खराडीत ज्वारीची शेतं होती तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. तिशीतले इंजिनियर घाईघाईने गोल्फ शिकायला निघाले. सरावाच्या रेंजवर बॉल वेचणारी मी त्यांना ग्रिप दाखवायला लागले. आपली स्टिक कढईतल्या झाऱ्यासारखी धरणारे लोक मला मॅडम म्हणायचे आणि कोड कसा लिहायचा यावर एकमेकांशी भांडायचे. त्याच सुमारास एका नव्या शिक्षणसंस्थेच्या चालकांच्या डोक्यात आलं की कॉलेजात गोल्फ आलं की कंपन्या येतील आणि कंपन्या आल्या की प्लेसमेंट. त्यांनी मुलींचा संघ काढला, कारण मुलींचा संघ दुसऱ्या कुणाकडे नव्हता आणि पहिलं शील्ड बसल्या जागी मिळणार होतं. मी तोवर बाहेरून बीपीएड केलं होतं. मुलाखतीत विचारलं, मॅडम, गोल्फ कुठे शिकलात? मी म्हटलं, सोमवारी. कुणाला कळलं नाही, पण नोकरी मिळाली. नंतरची वर्षं मी मुलींना पहाटे सहाला उभं केलं, त्यांच्या मनगटाला फळीचे तुकडे बांधले, रडवलं, त्यांच्या आयांच्या शिव्या खाल्ल्या. विद्यापीठाच्या संघात दरवर्षी माझ्या दोन तरी मुली असतात. सत्काराला शाली मिळतात, त्या मी वस्तीत वाटते. मला कुणी विचारलं की तुमच्या यशाचं रहस्य काय, तर मी शिस्त म्हणायचे. शिस्त कसली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, इतकंच.

मग तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये चैताली मुलीला घेऊन माझ्या केबिनमध्ये आली. केस कापलेले, चष्मा, पण उभं राहण्याची ढब तीच, म्हणजे जगाने थोडं थांबायला हरकत नसावी अशी. “आपण ओव्हाळ मॅडम ना? आपल्याबद्दल फार ऐकलंय,” असं म्हणून तिने हात जोडले. ओळखल्याची एक रेघ चेहऱ्यावर नाही. आपण, आपल्याला, आपलं. त्या आपण-आपणने माझं डोकं तापलं. बावीस वर्षं मी जिला रोज उठल्याबरोबर आठवत होते, तिच्या लेखी मी एक फॉर्म भरून घेणारी बाई. मुलगी मात्र गुणी निघाली. हे लिहायला जड जातंय, पण भाग्यश्रीसारखा हात मी दुसरा पाहिला नाही. मी तिला सगळं दिलं. वाऱ्यात बॉल खाली कसा ठेवायचा, उतारावर गुडघा कुठे, हरताना चेहरा कसा ठेवायचा. एक गोष्ट दिली नाही. मनाशी म्हटलं, मी काही करणार नाही, कुणाला काही सांगणार नाही, फक्त एक भोक ठेवीन आणि वाट पाहीन. ज्या घराला वाटतं की कार्ड वाचायची गरज आपल्याला नाही, त्या घरातली ही. हिने न वाचता सही करावी आणि एक दिवस सगळ्यांसमोर हिला चोर म्हटलं जावं. तीन वर्षांत तिच्या कार्डात एकदाही चूक निघाली नाही. प्रत्येक स्पर्धेत मी वहीत तिचे फटके लिहायचे आणि प्रत्येक वेळी आकडे जुळायचे, आणि संघ जिंकल्यावर फोटोत मी हसायचे तेव्हा आत काहीतरी उपाशीच राहायचं. आजची तिची शेवटची स्पर्धा होती. परीक्षा झाली की ती गेली असती.

तिने मोबाइल खांद्याने कानाला दाबून धरला आणि कार्ड जवळ ओढलं. आईशीच बोलत होती; चैताली दोरीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून तिला हात करत होती, दोघी वीस पावलांवरून एकमेकींशी मोबाइलवर बोलत होत्या. मला अजून हाक मारता आली असती. भाग्यश्री, सहावा बघ. तीन शब्द. सही होईपर्यंत दुरुस्ती चालते, नवा आकडा लिहायचा, दोघींनी आद्याक्षरं टाकायची, संपलं. सत्त्याहत्तर झाले असते तरी तीच पहिली, कारण तिच्यामागची अठ्ठ्याहत्तरवर होती. आणि तिच्याबरोबर संघही. चौघींतल्या तिघींचे आकडे धरतात. भाग्यश्रीचे सत्त्याहत्तर, बाकी दोघींचे एकोणऐंशी आणि ब्याऐंशी, म्हणजे दोनशे अडतीस. दुसरं कॉलेज दोनशे त्रेचाळीसवर होतं. नववं शील्ड खिशात. ती बाद झाली तर चौथीचे धरावे लागणार, आणि चौथी होती निकिता. निकिता पहिल्या वर्षाची, आमच्याच वस्तीतली, समाधान कॅडीची मुलगी. तिला संघात घेताना संस्थेत बरीच नाकं मुरडली गेली होती. आज तिची पहिली स्पर्धा, एक्क्याण्णव झाले. म्हणजे दोनशे बावन्न. हे सगळं मला त्या क्षणी स्पष्ट कळत होतं. नंतर कळलं, भान नव्हतं, असं मी कुणाला सांगणार नाही. मी जीभ दातांखाली धरली. भाग्यश्रीने झपकन सही केली, उठली आणि दोरीबाहेर पाऊल टाकून आईच्या गळ्यात पडली.

कमिटीच्या टेबलापर्यंत पंधरा पावलं होती. मला तिथे चहाचा कप हवा होता. संपवून बशीत नीट ठेवायला. मी सभ्यपणे म्हणाले की सहाव्या होलला माझ्या खेळाडूचे बहुतेक पाच होते. टेबलावरच्या गृहस्थांनी मान वर करून दोनदा विचारलं की आपलीच मुलगी ना? मी म्हटलं, माझीच. त्यांनी भाग्यश्रीला बोलावलं. ती आली, कार्ड पाहिलं, एक क्षणही न थांबता म्हणाली की हो, सॅंडमध्ये एक गेला होता ना माझा, पाच झाले होते, सॉरी, लक्षातच नाही आलं. तिला वाटलं दुरुस्त करतील. जेव्हा त्यांनी कार्डावर आडवी रेघ मारली तेव्हा ती माझ्याकडे वळली, मी काहीतरी करीन या खात्रीने. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू. भूक लागलेली असताना पहिला घास घशाखाली उतरतो तसा तो खाली गेला, आणि मी चैतालीकडे निघाले.

ती रडत नव्हती, आरडाओरडाही करत नव्हती. याची मी तयारी केली नव्हती. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि जे वाक्य पंचवीस वर्षं घासूनपुसून ठेवलं होतं ते म्हणाले. “अकराव्या होलला माझे पाच होते. तुम्ही पाहिले होते.”

“पाहिले होते,” चैताली म्हणाली. “आणि चार लिहिले. मुद्दाम लिहिले. मला तो कप हवा होता.” तिने चष्मा काढून पदराने पुसला. ती आपण म्हणत नव्हती आता. “मी तुला पहिल्याच दिवशी ओळखलं, रतन. बोलायला तोंड नव्हतं. शहरात दुसरे कोच होते, पण तुझ्याइतकं कार्ड कुणी सांभाळत नाही हे ऐकलं होतं, आणि का सांभाळतेस ते मला ठाऊक होतं. म्हणून पोरीला तुझ्याकडे घातलं. म्हटलं, माझ्याकडून नाही शिकायची, तुझ्याकडून तरी वाचून सही करायला शिकेल.” मग त्याच कोरड्या आवाजात, “नाही शिकवलंस. ठीक आहे. फिटलं म्हणायचं का आता?”

 उत्तर नाही असं होतं, फिटलेलं नव्हतं. तिने गुडघे टेकून माफी मागितली असती तर मी लाथाडली असती आणि मला बरं वाटलं असतं. तिने असं सरळ कबूल करून माझ्या हातातला दगडच काढून घेतला. त्या दगडाच्या जागी वडिलांचं वाक्य येऊन बसलं. एका पोरीला तीन वर्षं मी वाचायच्या तासातून बाहेर काढलं होतं. तू जा, तुला गरज नाही. हेच तर आमच्या आजोबांना शाळेच्या पायरीवरून सांगितलं होतं, शब्द थोडे वेगळे असतील. हा विचार आला आणि मी तो झटकला, कारण मला अजून चैतालीवर रागावायचं होतं. तेवढ्यात निकाल पुकारला. पाठीमागून आमच्या संस्थेचे एक पदाधिकारी, सकाळपासून फोटोसाठी नवा सफारी घालून उभे असलेले, मोठ्याने कुणाला तरी म्हणाले, “नियम म्हणजे नियम, ते ठीक. पण एक्क्याण्णव? कॅडीच्या पोरीला संघात घ्यायचा हट्ट कुणाचा होता?” कुणीतरी हसलं. चैताली माझ्याकडे पाहत होती. तिने नजर खाली केली, मी केली नाही.

निकिता मांडवामागे, बॅगांच्या ढिगापाशी उकिडवी बसली होती. बाकीच्या दोघी भाग्यश्रीभोवती होत्या. हिच्याजवळ कुणी नव्हतं. लांब फाटकापाशी समाधान उभा होता, गळ्यात बिल्ला, आत यायचं की नाही याचा अंदाज घेत. मी जवळ जाताच ती उभी राहिली. तिच्या हातात माझ्या नियमाप्रमाणे तिची लहान वही होती, घामाने कडा फुगलेल्या. माझ्यामुळे शील्ड गेलं ना मॅडम, असं ती म्हणेल आणि मी नाही म्हणेन, नाही, माझ्यामुळे, हे मी चालत येताना ठरवलं होतं. वाक्य जुळवलंही होतं. पण ती तसं म्हणालीच नाही.

“मॅडम, मी टेबलाशी मोठ्यानं वाचलं होतं. तुम्ही सांगितलं तसंच. सगळे बघत होते तरी वाचलं.” तिने वही उघडली. “परत एकदा वाचून बघू का? कुठेतरी जास्त लिहिलं गेलं असेल.”

जास्त लिहिलेलं सही झाल्यावर कमी होत नाही, हे तिला मीच शिकवलं होतं. ते ती विसरली होती की विसरायला बघत होती, मी विचारलं नाही. माझं जुळवलेलं वाक्य बाजूला ठेवून मी माझी वही काढली. ती वाचायला लागली. पहिला, सहा. दुसरा, पाच. तिसरा, चार. समाधान फाटकातून दोन पावलं आत आला आणि तिचा आवाज ऐकून थांबला. सहाव्याला तिचेही पाच होते. कार्डावरून माझ्या वहीत उतरवून घेतलेला तिचा एकेक आकडा मी तिच्याबरोबर पाहत गेले, अठरापर्यंत. कुठेही चूक नव्हती.